उद्याच्या खेळाडूच्या बदल्यात आजची खेळाडू

१३ फेब्रुवारी २०२३ या दिवशी भारताचा महिला क्रिकेट संघ दक्षिण आफ्रिकेत, केपटाऊनच्या एका हॉटेलात टीव्हीसमोर दाटीवाटीने बसला होता. आदल्याच दिवशी विश्वचषकाच्या सामन्यात त्यांनी पाकिस्तानला हरवले होते. पण त्या दुपारी मुलींचे लक्ष लागले होते ते मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलाकडे. तिथे महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव सुरू होता आणि पहिलेच नाव पुकारले गेले ते सांगलीच्या स्मृती मानधनाचे. पन्नास लाखांपासून बोली सुरू झाली आणि मुंबई आणि बंगळूरच्या चढाओढीत ती ३ कोटी ४० लाखांवर जाऊन थांबली. बंगळूरने तिला घेतले आणि केपटाऊनच्या त्या खोलीत एकच गलका झाला.

तीन आठवड्यांनी, ४ मार्चला, नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये या स्पर्धेचा पहिला सामना झाला. मुंबईने गुजरातला १४३ धावांनी लोळवले.

आता 'लिलाव' हा शब्द आपल्या कानाला तसा बरा लागत नाही. लिलाव व्हायचा तो जप्तीच्या भांड्यांचा, सावकाराकडे बुडालेल्या दागिन्यांचा, नाहीतर बाजार समितीत कांद्याचा. माणसांचा, त्यातही मुलींचा लिलाव म्हटल्यावर पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या. २००८ मध्ये पुरुषांच्या आयपीएलचा पहिला लिलाव झाला तेव्हाही पडल्या होत्या. हळूहळू सवय झाली. पण खेळाडू वाटून घेण्याची हीच एक रीत जगात आहे असे नाही. दुसरी एक रीत आहे, ती दिसायला अधिक सभ्य आहे, तिच्यात बोली नाही की हातोडा नाही. ती खरोखरच अधिक सभ्य आहे का, हे मात्र जरा तपासून पाहायला हवे.

या रीतीचे नाव ड्राफ्ट, आणि तिचे जन्मगाव अमेरिका. १९३० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या फुटबॉल संघाचे मालक बर्ट बेल सारखे हरून जेरीला आले होते. कॉलेजातून बाहेर पडणारा प्रत्येक चांगला खेळाडू न्यूयॉर्क, शिकागोसारख्या श्रीमंत आणि जिंकणाऱ्या संघांकडे जायचा. बेल यांनी इतर मालकांसमोर तोडगा ठेवला, की नव्या खेळाडूंची एकच यादी करावी आणि गेल्या हंगामात जो संघ सर्वांत शेवटी राहिला, त्याने तिच्यातून सर्वांत आधी निवड करावी. विजेत्याने शेवटी. पंक्तीत मागे राहिलेल्याला आधी वाढायचे, म्हणा ना! फेब्रुवारी १९३६ मध्ये असा पहिला ड्राफ्ट झाला आणि पहिली निवड अर्थातच बेल यांच्या संघाची होती.

पुढे झाले ते गमतीचे आहे. त्यांनी जे बर्वँगर या खेळाडूला निवडले, पण त्याचे पैशाचे जमेना. तेव्हा त्याच्यावरचा हक्क त्यांनी शिकागोला देऊन टाकला. शिकागोशीही जमले नाही. बर्वँगरने सरळ नोकरी धरली आणि व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना तो खेळला नाही. म्हणजे इतिहासातला पहिला ड्राफ्ट, त्यातली पहिली निवड, तिची अदलाबदल आणि 'मी येत नाही' म्हणणारा खेळाडू, हे सगळे पहिल्याच वर्षी होऊन गेले.

अमेरिकेतील महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, डब्ल्यूएनबीए, १९९७ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. तिने हीच रीत उचलली आणि पुरुषांच्या खेळात मुरलेली एक युक्तीही तिच्याबरोबर आली. पुढच्या वर्षी आपला पहिला किंवा दुसरा क्रमांक येणार असेल, तर तो क्रमांकच विकायला काढायचा! अजून कोणाला निवडायचे ठरलेले नाही, ती मुलगी कदाचित कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात परीक्षा देत असेल, पण तिला निवडण्याचा हक्क मात्र आजच बाजारात आला. तो देऊन समोरच्याकडून आजची तयार खेळाडू घ्यायची. आपल्याकडे आंब्याची बाग मोहोरावर देतात ना, तसाच हा व्यवहार. फळ किती धरेल, वादळ होईल की नाही, हे देणाऱ्यालाही माहीत नसते आणि घेणाऱ्यालाही.

या व्यवहाराचे एक उदाहरण जरा निवांतपणे सांगण्यासारखे आहे. एलेना डेलडॉन ही शिकागो संघाची अव्वल खेळाडू, २०१५ सालची लीगमधली सर्वोत्तम. तिला डेलावेअरमधल्या आपल्या घराजवळ, विशेषतः आपल्या दिव्यांग बहिणीजवळ राहायचे होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये शिकागोने तिला वॉशिंग्टनकडे जाऊ दिले. बदल्यात घेतल्या दोन खेळाडू, स्टेफनी डॉलसन आणि काहलिया कॉपर, आणि त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला दुसरा क्रमांक. तेव्हा सगळ्यांचे डोळे त्या क्रमांकावर होते. कॉपर म्हणजे राखीव बाकावरून येणारी एक तरुण खेळाडू, व्यवहार जुळवताना वजनाला टाकल्यासारखी.

शिकागोने त्या दुसऱ्या क्रमांकावर अलायना कोट्स हिला निवडले. तिचा घोटा दुखावलेला होता. तो अख्खा हंगाम ती खेळू शकली नाही आणि पुढेही शिकागोत तिचा जम बसला नाही. तिकडे वॉशिंग्टनने २०१९ मध्ये विजेतेपद मिळवले आणि डेलडॉन पुन्हा हंगामातली सर्वोत्तम ठरली. म्हणजे शिकागो फसले, असे लोक म्हणू लागले. पण २०२१ मध्ये शिकागोनेही आपले पहिले विजेतेपद जिंकले. संघात डॉलसन होती आणि अंतिम फेरीतली सर्वोत्तम खेळाडू होती तीच ती वजनाला टाकलेली काहलिया कॉपर! ज्या हक्कावर सगळ्यांची नजर होती तो वाया गेला आणि जी कोणाच्या खिजगणतीत नव्हती तिने चषक आणून दिला.

डेलडॉनला तरी घराजवळ जायचेच होते. पण या व्यवहारात कॉपरला कोणी विचारले होते का? विचारण्याची गरजच नसते. तिथे करारात खास कलम घालून घेतले नसेल, तर खेळाडूची संमती न घेताही तिची रवानगी दुसऱ्या शहरात करता येते. ड्राफ्टमध्ये निवडलेल्या मुलीचा पहिल्या वर्षांचा पगारही तिच्या क्रमांकानुसार आधीच ठरलेला. २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या केटलिन क्लार्कसाठी प्रेक्षक तिकिटांवर तुटून पडत होते. तिचा लीगमधला पहिल्या वर्षाचा पगार होता सुमारे साडेशहात्तर हजार डॉलर. आणि ज्या वर्षी मानधनावर ३ कोटी ४० लाखांची, म्हणजे चार लाख डॉलरच्या घरातली बोली लागली, त्या २०२३ साली डब्ल्यूएनबीएमधला सर्वांत मोठा पगार अडीच लाख डॉलरलाही पोहोचलेला नव्हता. नेरूळची स्पर्धा अवघ्या तीन-साडेतीन आठवड्यांची होती. ड्राफ्टने संघांमध्ये समता येते यात शंका नाही. ती समता मुलींच्या खिशातून येते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

मग आपल्याकडे लिलावाच्या आधी काय होते? खेळाडू या संघातून त्या संघात जातच नव्हत्या का? जात होत्या. फक्त त्यांची किंमत रुपयांत लागत नव्हती, नोकरीत लागत होती.

भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात भरली. संघ तीनच होते, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पैसा नव्हता. रेल्वेच्या साध्या डब्यातून जायचे, वसतिगृहात किंवा शाळेच्या वर्गात जमिनीवर पथारी टाकायची. क्रिकेट संपल्यावर खायचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात आईवडील विचारत. त्याचे उत्तर रेल्वेने दिले. मुंबईच्या डायना एडलजी स्वतः पश्चिम रेल्वेत होत्या. मुलींना रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्यांनी अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवले. पुढे रेल्वेचा महिला संघ इतका बलाढ्य झाला, की काही मोजके अपवाद सोडले तर देशांतर्गत एकदिवसीय विजेतेपद म्हणजे रेल्वेची मक्तेदारीच झाली. हैदराबादची मिताली राज रेल्वेकडून खेळली, मुंबईची पूनम राऊत खेळली, पंजाबची हरमनप्रीत कौर खेळली.

इथे माझे एक निरीक्षण आहे. हैदराबादने किंवा पंजाबने एखादी मुलगी लहानाची मोठी केली आणि ती रेल्वेत गेली, तर त्या राज्याच्या हाती काय उरायचे? ना हरकत प्रमाणपत्राची स्थळप्रत! दुसरी खेळाडू नाही, पैसा नाही, पुढच्या वर्षीचा कुठला हक्क नाही. अमेरिकेतल्या त्या हिशेबी व्यवहारात निदान देणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडते. आमच्याकडे सर्वांत बलवान संघच दरवर्षी सर्वांत आधी निवड करत होता. बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये ज्या गोष्टीविरुद्ध तक्रार केली, नेमकी तीच. पण त्या मुलींना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. महिन्याच्या महिन्याला पगार, पास, निवृत्तीपर्यंतची हमी, हे सोडून राज्याच्या टोपीवर प्रेम करा, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

त्या नोकरीलाही दोर होता, हे हरमनप्रीतच्या बाबतीत दिसले. २०१७ च्या विश्वचषकात तिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धावा काढल्या, तेव्हा पंजाब सरकारने तिला पोलीस दलात पद देऊ केले. पण ती पश्चिम रेल्वेत पाच वर्षांच्या बाँडवर होती आणि नोकरी सोडायची तर बाँडचे पैसे भरणे आले. पंजाब सरकारने रेल्वेमंत्र्यांकडे रदबदली केली, रेल्वेने २०१८ मध्ये ती रक्कम माफ केली आणि मग ती मोकळी झाली. याला कोणी खेळाडूंची अदलाबदल म्हटले नाही, पण याहून वेगळे ते काय होते?

सोलापूर जिल्ह्यातल्या किरण नवगिरेची वाट आणखी निराळी. मूळची भालाफेक आणि गोळाफेक करणारी ही मुलगी. क्रिकेटमध्ये महाराष्ट्राच्या संघात तिचा जम बसेना, तेव्हा ती पाहुणी खेळाडू म्हणून थेट नागालँडकडे गेली. तिथे २०२२ मध्ये अरुणाचलविरुद्ध वीस षटकांच्या सामन्यात तिने ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा कुटल्या. मग लिलावात उत्तर प्रदेशच्या संघाने तिला ३० लाखांना घेतले आणि ५ मार्च २०२३ ला, म्हणजे स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी, नेरूळच्या मैदानावर तिने गुजरातविरुद्ध ५३ धावा केल्या. तो सामना तिच्या संघाने एक चेंडू राखून जिंकला. पुढे ती महाराष्ट्रात परतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकले. महिलांच्या टी-ट्वेंटीमधले ते सर्वांत वेगवान शतक. महाराष्ट्राने तिला जाताना काही घेतले नाही आणि नागालँडनेही परत देताना काही घेतले नाही. 

ड्राफ्ट आपण कधी करून पाहिलाच नाही असे समजू नका. आयपीएलच्या पहिल्या वर्षी, २००८ मध्ये, एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघातली मुले लिलावात नव्हती, ती ड्राफ्टने वाटली गेली. दिल्लीला आधी निवडण्याची संधी होती. दिल्लीने आपला डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान याला घेतले आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरला गेला. पुढचे सांगायला नको. २०२२ मध्ये पुण्यात झालेल्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेतही पुरुष खेळाडू ड्राफ्टनेच निवडले गेले होते. महिलांच्या प्रीमियर लीगने मात्र सुरुवातीपासून लिलाव धरला, आणि त्याचा सरळ परिणाम असा की आपल्याकडे विकायला 'पुढच्या वर्षीचा क्रमांक' नाहीच. सगळ्यांची थैली सारखी. २०२३ मध्ये ती १२ कोटींची होती. त्यामुळे खेळाडू एका संघातून दुसरीकडे गेली तर बदल्यात येतो तो पैसा. २०२५ च्या हंगामाआधी इंग्लंडची डॅनी वायट-हॉज उत्तर प्रदेशकडून बंगळूरकडे गेली, ती तिच्या ठरलेल्या ३० लाखांतच. उद्याच्या कोणा कॉलेजकन्येवर त्या व्यवहाराचा भार पडला नाही.

आणि लिलावाची आणखी एक बाजू आहे, ती धारावीत जाऊन विचारावी. तिथल्या सिमरन शेखला २०२३ मध्ये उत्तर प्रदेशने घेतले, पण पुढच्या लिलावात तिच्यावर कोणी बोलीच लावली नाही. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये बंगळूरच्या लिलावात गुजरातने तिच्यासाठी १ कोटी ९० लाख मोजले. त्या दिवसाची ती सर्वांत मोठी बोली. ड्राफ्टच्या यादीत मागे राहिलेल्या मुलीला अशी उडी मारता येत नाही. तसेच, कोणीच हात वर न केल्याची ती शांतता जगासमोर ऐकण्याची पाळीही ड्राफ्टमधल्या मुलीवर येत नाही.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरूळच्या त्याच मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. दीप्ती शर्माने ५८ धावा केल्या, पाच बळी घेतले आणि ती स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. बरोबर पंचवीस दिवसांनी दिल्लीत मोठा लिलाव झाला. उत्तर प्रदेशने दीप्तीला आपल्याकडे राखून ठेवले नव्हते, त्यामुळे तिचे नाव पुकारले गेले. दिल्लीने पन्नास लाखांची बोली लावली आणि सभागृह गप्प झाले. दुसरा हात वर गेलाच नाही. तेव्हा उत्तर प्रदेशने जुनी खेळाडू परत घेण्याचा आपला हक्क वापरायचा म्हटले. नियमाप्रमाणे दिल्लीला बोली वाढवण्याची एक संधी मिळाली आणि तिने एका दमात आकडा सांगितला, ३ कोटी २० लाख. उत्तर प्रदेशने तो मान्य केला आणि दीप्ती होती त्याच संघात परत गेली.