अंजनाऐवजी आवाज

पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचा हंडा दिसतो, हे ऐकत आपल्याकडच्या कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने लाथ मारली की पाठीत भरलेली उसण जाते, विजा चमकत असताना त्याने उघड्यावर थांबू नये, आणि गुप्तधन असलंच तर ते त्यालाच दिसावं. आमच्या जुन्या घराच्या परसात एक अर्धवट बुजलेला खड्डा होता. कुणाच्या तरी आजोबांनी असाच एक पायाळू आणून तो खणून घेतला होता म्हणे. निघाला काय, तर फुटका रांजण. या समजुतीची दुसरी बाजू मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तेव्हा त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधापायी होणाऱ्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला.

अंजनाने जे काम करायचं ते खरोखर करणारं यंत्र जगात आलं, तेव्हा त्याला डोळा नव्हता, कान होता. आपल्या ओळखीचा मेटल डिटेक्टर म्हणजे देवळाच्या रांगेत कमरेच्या पट्ट्याजवळ कुरकुरणारी दांडी. पण तिचीच एक सख्खी बहीण इंग्लंडच्या शेतांतून हिंडते, आणि तिने गेल्या पन्नासेक वर्षांत मातीखालून काढलेली चांदी म्युझियमांची दालनं भरून उरली आहे. या यंत्राचं कूळ शोधायला गेलं तर एक गंमत लक्षात येते. याच्या घराण्यात चांदी शोधायला कुणीच निघालं नव्हतं. प्रत्येकाला काहीतरी वेगळंच हवं होतं.

मूळपुरुषाला हवी होती बंदुकीची गोळी. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी पाठीतून आत शिरली ती कुठे अडकली हे कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. डॉक्टर जखमेत बोटं घालून चाचपत होते, तीही न धुतलेली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना वाटलं, गोळी डोळ्यांना दिसत नसेल तर ऐकू येईल. डेव्हिड ह्यूज या शास्त्रज्ञाने तारेच्या वेटोळ्यांचा एक तराजू आधीच बनवला होता. एका वेटोळ्यातून थांबतथांबत वीज सोडायची, दुसरं अशा बेताने मांडायचं की त्याला जोडलेल्या टेलिफोनमध्ये काहीच ऐकू येऊ नये. जवळ धातू आला की तोल जातो आणि टेलिफोन गुणगुणू लागतो. बेल यांनी हा तराजू सुधारला, मांसाच्या तुकड्यांत गोळ्या दडवून पाहिल्या, यादवी युद्धातल्या जुन्या गोळ्या अंगात वागवणाऱ्या सैनिकांवर तपासला. तिथे यंत्र बोललं.

राष्ट्राध्यक्षांवर ते दोनदा लावलं, जुलैअखेर आणि १ ऑगस्टला. नीट आवाज मिळालाच नाही. नंतर उलगडा झाला की रोग्याच्या गादीत पोलादी तारा होत्या. शिवाय प्रमुख डॉक्टर विलर्ड ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजवीकडे आहे, म्हणून शोधायचं तेही उजवीकडेच. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी निघाली डावीकडे. यंत्राचा पहिलाच जाहीर प्रयोग फसला. अर्थात त्यात यंत्राचा दोष कमी आणि कुठे ऐकायचं हे आधीच ठरवून बसलेल्या माणसाचा जास्त, असं माझं मत.

पुढची पिढी विमानांच्या नादाने आली. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले गेरहार्ड फिशर विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रावर काम करत होते. काही ठिकाणी यंत्र थोडी चुकीची दिशा दाखवायचं. जमिनीतलं धातूचं खनिज मध्ये येतंय, असं त्यांच्या ध्यानात आलं. दुसरा कुणी चूक दुरुस्त करून मोकळा झाला असता. फिशर यांनी त्या चुकीचंच यंत्र केलं आणि १९३७ मध्ये पेटंट मिळवलं.

मग युद्ध आलं. स्कॉटलंडमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश फौजेतला एक अधिकारी, युझेफ कोसात्स्की, याने एका माणसाला हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक बनवला आणि पेटंटबिटंट न घेता ब्रिटिश सैन्याला देऊन टाकला. मोबदला म्हणून राजाचं आभाराचं पत्र मिळालं. १९४२ च्या शरदात एल अलामेनच्या वाळूत असे सुमारे ५०० शोधक उतरले आणि सुरुंग काढण्याचा वेग दुपटीवर गेला, तासाला साधारण शंभर चौरस मीटरवरून दोनशेवर. घरचे लोक जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये होते, म्हणून कोसात्स्कीचं नाव युद्धभर गुप्त राहिलं. युद्ध संपल्यावर जादा झालेली यंत्रं भंगारभावाने बाजारात आली, पुढे ट्रान्झिस्टरने त्यांचं वजन उतरवलं, आणि सुट्टीच्या दिवशी कानाला हेडफोन लावून शेतं तुडवणारी एक नवी जमात तयार झाली.

चांदी या कथेत इथे येते, आणि येते ती तिच्या स्वभावामुळे. सगळ्या धातूंत चांदी विजेची उत्तम वाहक. यंत्राच्या थाळीतून जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र जातं, त्यामुळे पुरलेल्या धातूत विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात, आणि त्या भोवऱ्यांचं उलट क्षेत्र थाळीतलं दुसरं वेटोळं टिपतं. धातू जितका चांगला वाहक, तितके ते भोवरे रेंगाळतात. आजची यंत्रं या रेंगाळण्याचा सूर करतात. लोखंडी खिळा घोगरा बोलतो, चॉकलेटची चांदी (जी मुळात चांदी नसते) मध्येच कुठेतरी, आणि खरी चांदी उंच, स्वच्छ स्वरात. तांब्याचं नाणंही जवळपास त्याच पट्टीत गातं, त्यामुळे फसगत ठरलेली. एकटं नाणं बहुधा वीतभर खोलीपर्यंतच ऐकू येतं, त्याखालचं मुकं राहतं.

नांगराची धार आणि यंत्राचा कान यांची पोच साधारण सारखीच. म्हणूनच इतकं काही शेतातच सापडतं.

सर्वांत नावाजलेली गोष्ट सफोक परगण्यातल्या गावाची. इंग्रजी अक्षरं वाचली तर होक्सने, उच्चार मात्र हॉक्सन. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज नावाचा निवृत्त माळी तिथे आपलं यंत्र घेऊन गेला. निवृत्तीच्या वेळी मिळालेली भेट होती ती. शेत कसणारे पीटर व्हॉटलिंग यांचा हातोडा हरवला होता, तो शोधायचा होता. यंत्र वाजलं. चमचे निघाले, दागिने निघाले, नाण्यांचा खच निघाला. दोन पिशव्या भरल्यावर लॉज थांबला.

कुळकथेत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही जागा. पाण्याच्या धारेसारखी नाणी येत असताना हात आवरणं म्हणजे काय, हे परसात खड्डा असलेल्या घरातल्या माणसाला विचारा. लॉजने कळवलं, दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वखात्याची माणसं गुपचूप आली आणि उरलेला ठेवा मातीसकट ढेकळं करून उचलून नेला. माती प्रयोगशाळेत उकलली. त्यामुळे कळलं की सगळं एका लाकडी पेटीत होतं, साधारण ६० सेंटिमीटर लांब. लाकूड कधीच कुजलं होतं, पण आतल्या छोट्या डब्यांची बोटाएवढी चांदीची कुलुपं राहिली होती. एकात एक बसवलेल्या वाट्यांमध्ये घासू नयेत म्हणून वाळलेलं गवत भरलेलं होतं. घर बदलताना आपण काचेच्या कपांत वर्तमानपत्र कोंबतो, अगदी तसं. लॉजने सगळं स्वतःच उपसलं असतं तर चांदी तेवढीच मिळाली असती, गवत गेलं असतं.

आत होती १४ हजारांहून अधिक चांदीची नाणी, ५६९ सोन्याची, ७८ चमचे, २० पळ्या. शेवटची नाणी इसवी सन ४०७-४०८ ची, म्हणजे रोमन सैन्य ब्रिटन सोडून चाललं होतं त्या दिवसांतली. बहुतेक चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरलेल्या आहेत. नवी नाणी येणं बंद झालं, तेव्हा जुन्यांच्याच कडा कापून काम भागवलं. पण बादशहाच्या चेहऱ्याला कात्री लागू दिलेली नाही. चोरी होती की रीत, कोण जाणे. हात मात्र अदबशीर होता.

आणि चार मिरेदाण्या. त्यांतली एक तर नुसती पाहत बसावी अशी. वीतभरही नाही, दहा सेंटिमीटरच्या आसपास उंच, पोकळ चांदीची एक श्रीमंत बाई, कमरेपर्यंतची. केस गुंतवून बांधलेले, कानांत आणि गळ्यात दागिने, हातात गुंडाळी, ठिकठिकाणी सोन्याचा मुलामा. तळाशी एक फिरती चकती आहे. एका घरावर ठेवली की तळ बंद, दुसऱ्यावर सताड उघडा, म्हणजे मिरपूड भरायची, आणि तिसऱ्यावर बारीक भोकं पुढे येतात, म्हणजे भुरभुरायची. आपल्याकडे हळदीकुंकवाला गुलाबदाणी जे करते तेच, फक्त गुलाबपाण्याऐवजी मिरं. आणि ते मिरं आपल्याकडचंच. मलबारच्या किनाऱ्यावरून तांबड्या समुद्रातून रोमला जायचं, आणि प्लिनीने पहिल्या शतकातच तक्रार करून ठेवली आहे की दरसाल हिंदुस्थान आमची कोट्यवधी नाणी गिळतो. सफोकच्या चिखलातली ती बाई त्या व्यापाराचं दुसरं टोक.

लॉजला नंतर साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं. ते त्याने व्हॉटलिंगबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला आणि तोसुद्धा म्युझियममध्ये गेला.

सगळेच लॉज नसतात. सरे परगण्यात वॉनबरो इथे १९८० च्या दशकात एका रोमन देवळाची जागा रात्रीच्या टोळ्यांनी विजेऱ्या लावून पोखरली. हजारो नाणी गेली. त्या काळचा कायदा विचित्र होता. चांदी-सोनं मालकाने परत न्यायच्या इराद्याने पुरलं होतं हे पटलं तरच ते सरकारचं. सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनातला इरादा सिद्ध कसा करायचा? देवाला वाहिलेलं तर कुणी परत नेण्यासाठी पुरत नाही. वॉनबरोच्या संतापातूनच १९९६ चा नवा कायदा आला. आता किमान तीनशे वर्षं जुनी, किमान दहा टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू मिळाली की चौदा दिवसांत कळवावं लागतं. आपला कायदा त्याहून कितीतरी जुना, १८७८ चा. दहा रुपयांहून जास्त मोलाचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. धन कुणाचं ठरलंच नाही आणि आपसात काही बोली झालेली नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. पायाळूच्या वाट्याचा उल्लेख त्यात नाही.

आता सापडलेल्या चांदीचं काय करायचं. उत्तर आपल्या हाताला अवघड जाणारं आहे: काहीच करायचं नाही. चिखल धुवायचा नाही, घासायचं नाही, चिंच लावायची नाही. घरातल्या कपाटात चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाने. मातीत तिला क्षार भेटतात आणि वर करडा-जांभळट थर चढतो. बाहेरून तो मळ वाटतो, पण कारागिराच्या टोच्याची रेघ कधीकधी त्या थरातच शिल्लक असते, खाली नाही. खरवडला की रेघ गेली. शतकानुशतकं मातीत राहिलेली चांदी आतूनही ठिसूळ होते. वाकलेला चमचा सरळ करायला गेलं की पापडासारखा मोडतो. म्हणून जाणकार ती आहे तशी मऊ, आम्लविरहित कागदात गुंडाळतात, हातमोज्यांनी धरतात, आणि लोकर, रबरबँड, वर्तमानपत्र जवळ फिरकू देत नाहीत, कारण या सगळ्यांतून गंधक सुटतं. हल्ली घरोघरी चालणारी युक्ती, ॲल्युमिनियमचा कागद, खायचा सोडा आणि गरम पाणी, ताटवाट्यांना एक वेळ चालेल. मातीतून आलेल्या वस्तूला ती चालत नाही.

आमच्या घरी एक गुलाबदाणी आहे, पणजीच्या लग्नातली. दर गौरी-गणपतीला ती रांगोळीने लख्ख घासायची, नंतर दंतमंजनाने, हा आजीचा नेम. मीही घासली आहे, चांगला जोर लावून. गळ्यावरची वेलबुट्टी आता फक्त उन्हात तिरकी धरली तर कळते. बुडावर पणजीचं नाव घातलेलं होतं, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं. हॉक्सनच्या दहा चमच्यांवरही असंच नाव घातलेलं आहे, ऑरेलियस उर्सिसिनस. त्याच्याविषयी बाकी काहीही कुणाला माहीत नाही, पण सोळाशे वर्षं चिखलात राहून ते सरळ वाचता येतं. पणजीच्या नावावरून बोट फिरवलं तर ‘सौ.’ तेवढं लागतं.