भावनांची अनोळख आणि किशोरवयीन नैराश्य : एका संकल्पनेचा इतिहास व पाथरी परिसराचा संदर्भ

किशोरवयीन मुलांच्या नैराश्याचा विचार मनोविकारशास्त्रात बराच उशिरा सुरू झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मनोविश्लेषणवादी अभ्यासकांत असा समज रूढ होता की, पराहम् पुरेसा विकसित झालेला नसल्याने मुलांना प्रौढांसारखे नैराश्य येऊच शकत नाही. १९७० च्या सुमारास ‘प्रच्छन्न नैराश्य’ ही कल्पना पुढे आली आणि पोटदुखी, चिडचिड, शाळा बुडविणे यांच्यामागे दडलेले दुःख शोधले जाऊ लागले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या वर्गीकरणाने १९८० मध्ये प्रौढांचे निकष मुलांनाही लागू केले. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत उदासपणाऐवजी चिडखोरपणा हेही मुलांमधील लक्षण मानले गेले.

याच काळात बोस्टन येथील मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्नीओस यांनी ‘अलेक्सिथायमिया’ ही संज्ञा रूढ केली. मनोकायिक विकारांच्या अनेक रुग्णांना स्वतःच्या भावना शब्दांत मांडता येत नाहीत, हे त्यांचे निरीक्षण होते. पुढे १९८५ मध्ये टोरांटो येथील टेलर, बॅगबी प्रभृतींनी त्यासाठी मापनश्रेणी तयार केली. १९९४ च्या वीस विधानांच्या आवृत्तीत भावना ओळखण्यातील अडचण, त्या सांगण्यातील अडचण आणि बहिर्मुख विचारपद्धती असे तीन घटक आहेत. नैराश्याशी पहिल्या दोहोंचा, विशेषतः पहिल्याचा, संबंध वारंवार आढळला आहे. तिसऱ्याचा क्षीण आहे. मात्र भावना न उमगल्याने नैराश्य येते की नैराश्यामुळे भावना बोथट होतात, हा वाद मिटलेला नाही. फ्रायबर्गर यांनी १९७७ मध्येच आजारपणातून उद्भवणारा ‘दुय्यम’ प्रकार वेगळा मानला होता.

ही पाश्चात्त्य मोजपट्टी परभणी जिल्ह्यातील पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी आणली, तर काय होईल? येथील मुलगा ‘नैराश्य’ हा ग्रांथिक शब्द सहसा वापरीत नाही. तो ‘करमंना’, ‘काही सुचंना’, ‘डोकं जड झालं’ असे म्हणतो. उर्दूभाषक घरात दिल घाबरते. फार झाले तर ‘टेन्शन’. टोरांटो श्रेणीच्या पहिल्या घटकात शरीरातील संवेदनांनी गोंधळून जाण्याविषयी, डॉक्टरांनाही न उलगडणाऱ्या संवेदनांविषयी विधाने आहेत. म्हणजे दुःख शरीराच्या भाषेत सांगणाऱ्याचे गुण आपोआप वाढणार. त्यातच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे. त्यांची धडधड आणि थकवा मनाचा की रक्ताचा, हे प्रश्नावली सांगू शकत नाही.

शरीराच्या भाषेत बोलणे म्हणजे भावनांचे दारिद्र्य, हा निष्कर्ष इतिहासही मान्य करीत नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन गात्रे गळाल्याचे, तोंड कोरडे पडल्याचे, कातडीचा दाह होत असल्याचे आधी सांगतो. त्या अवस्थेला ‘विषाद’ हे नाव निवेदक देतो. तो अध्याय १२९० मध्ये ज्ञानेश्वरीतून मराठीत आला. जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यात आहे. तळमळ, हुरहूर, खंत, उद्वेग हे शब्द या भाषेला परके नाहीत.

तरीही उलट टोक गाठणे अयोग्य ठरेल. ‘करमंना’ या एका शब्दात विरह, भीती, अपमान आणि राग सारेच सामावते. ऐकणाऱ्याला त्यातून त्रास कळतो. परंतु बोलणाऱ्या मुलाला आपल्याला नेमके काय होते आहे, हे त्यातून उमगेलच असे नाही. शिक्षकांपर्यंत बहुधा केवळ चिडखोरपणा पोहोचतो आणि त्याची नोंद बेशिस्त म्हणून होते.

आकडेवारीही या संदर्भात वाचावी लागते. पिल्लई, पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यातील १२ ते १६ वयोगटातील मुलांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मनोविकारांचे प्रमाण केवळ १.८१ टक्के आढळले. कुटुंबाचा आधार हा संरक्षक घटक म्हणून त्यात पुढे आला, आणि ते पटण्याजोगे आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटासाठी हेच प्रमाण ७.३ टक्के होते. साधने व नमुने भिन्न असल्याने थेट तुलना करता येत नाही. पण मुलांनी काय भोगले याबरोबरच त्यांना काय सांगता आले, याचाही वाटा अशा आकड्यांत असतोच. त्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बारा राज्ये होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता.