डोपामिन

मेंदूतील चेतापेशींमध्ये संदेश नेणारे एक रसायन (चेतापारेषक). हालचाल, प्रेरणा, अनुभवातून शिकणे व लक्ष या कार्यांत त्याचा वाटा असतो. कंपवात (पार्किन्सन रोग), छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) आणि व्यसनाधीनता या विकारांशी त्याचा संबंध जोडला जातो. ‘आनंदाचे रसायन’ ही त्याची प्रचलित ओळख अपुरी आहे.

निर्मिती व शोध : टायरोसीन या ॲमिनो अम्लापासून एल-डोपा आणि एल-डोपापासून डोपामिन तयार होते. पुढे त्यापासून नॉरॲड्रेनालिन बनते. त्यामुळे डोपामिन हा या साखळीतील केवळ मधला टप्पा आहे, असा समज दीर्घकाळ होता. लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत जॉर्ज बार्जर व जेम्स एवेन्स यांनी १९१० मध्ये ते कृत्रिम रीत्या बनवले. ते मेंदूत आढळते हे कॅथलीन माँटेग्यू यांनी १९५७ मध्ये दाखवले. त्याला स्वतंत्र कार्य आहे हे त्याच सुमारास स्वीडिश औषधशास्त्रज्ञ आर्व्हिड कार्लसन यांनी दाखवून दिले (नोबेल पारितोषिक, २०००).

मार्ग व ग्राही : मेंदूच्या प्रचंड पेशीसंख्येत डोपामिन स्रवणाऱ्या पेशी काही लाखच असून त्या मुख्यतः मध्यमेंदूत असतात. तेथून निघणारे तंतू हालचालींचे नियमन करणाऱ्या स्ट्रायटम भागाकडे, भावना व प्रेरणेशी निगडित केंद्रांकडे आणि कपाळामागील मेंदूच्या बाह्यकाकडे जातात. डोपामिनचा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहींचे पाच प्रकार ज्ञात आहेत.

वर्तन : जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांनी १९५४ मध्ये उंदरांच्या मेंदूत विद्युतअग्रे बसवली; विशिष्ट जागी उद्दीपन मिळावे म्हणून उंदीर वारंवार कळ दाबत राहिले. या वर्तनात डोपामिनचा वाटा असल्याचे नंतर दिसून आले. पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरील प्रयोगांत पाहिले, की अनपेक्षित बक्षीस मिळाले तर डोपामिन स्रवणाऱ्या पेशी जोराने उद्दीपित होतात. बक्षिसाची पूर्वसूचना ओळखीची झाली की त्या सूचनेलाच प्रतिसाद देतात. अपेक्षित बक्षीस हुकले तर मंदावतात. अपेक्षा आणि अनुभव यांतील फरकाची नोंद ठेवून शिकणे घडवणे हे यावरून डोपामिनचे महत्त्वाचे काम मानले जाते. एखादी गोष्ट हवीशी वाटणे व ती मिळाल्यावर आवडणे या दोन वेगळ्या प्रक्रिया असून डोपामिनचा संबंध मुख्यतः पहिलीशी आहे, असे केंट बेरिज यांचे प्रतिपादन आहे.

संबंधित वनस्पती : डोपामिनविषयक संशोधनात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आढळणाऱ्या दोन वनस्पतींना विशेष स्थान आहे.

(१) सर्पगंधा (अडकई) : मुळांचा वापर पारंपरिक वैद्यकात उन्माद, निद्रानाश व सर्पदंशावर होत असे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये रक्तदाब व मनोविकारांवरील तिचा परिणाम नोंदवला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले आणि हे औषध जगापुढे आले. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मुळांतील रेसरपीन हे अल्कलॉइड १९५२ मध्ये वेगळे करण्यात आले. ते चेतापेशींमधील डोपामिनचा साठा रिता करते. कार्लसन यांनी ते दिल्यावर ससे निश्चल झाले. एल-डोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. रेसरपिनामुळे नैराश्य येते का, याविषयी मतभेद आहेत.

(२) खाजकुइली (कपिकच्छू) : दक्षिण कोकणात कुंपणांवर व झाडोऱ्यात वाढणारी वेल. हिवाळ्यात येणाऱ्या शेंगांवरील लव अंगाला लागताच तीव्र खाज सुटते. ही खाज म्युक्युनेन या विकरामुळे येते. बियांतील औषधी घटकाशी तिचा संबंध नाही. १९३७ मध्ये मद्रास येथे एम. दामोदरन व आर. रामस्वामी यांनी बियांतून एल-डोपा वेगळे केले. त्याचे प्रमाण वाणानुसार साधारण ३ ते ६ टक्के भरते. मुंबईत अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर बियांच्या चूर्णाचा प्रयोग करून १९७८ मध्ये तो प्रसिद्ध केला. एचपी-२०० या चूर्णाची ६० रुग्णांवरील १२ आठवड्यांची चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. लंडनमध्ये ८ रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीत (२००४) चूर्णाचा परिणाम नेहमीच्या एल-डोपाच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला. मात्र बियांतील एल-डोपाची मात्रा निश्चित नसल्याने वैद्यकीय देखरेखीशिवाय त्या खाणे धोक्याचे असते.

कंपवात : मध्यमेंदूतील सब्स्टॅन्शिया नायग्रा भागातील पेशी झडल्याने स्ट्रायटममध्ये डोपामिन कमी पडते; ही कमतरता ओलेह होर्निकिएविच यांनी व्हिएन्नात १९६० मध्ये दाखवली. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, एल-डोपा शिरते; म्हणून उपचारात एल-डोपा देतात. मुंबईच्या पारशी वसाहतींतील १४,०१० जणांच्या पाहणीत (१९८८) कंपवाताचे प्रमाण लाखामागे सुमारे ३२८ आढळले. डोपामिनसारखे कार्य करणाऱ्या काही औषधांमुळे मोजक्या रुग्णांना जुगाराची अनावर ओढ लागते.

मनोविकार : १९५२ पासून वापरात आलेले क्लोरप्रोमॅझीन व त्यानंतरची बहुतेक मनोविकृतीरोधक औषधे डोपामिनच्या पाच ग्राहींपैकी डी-२ या प्रकाराला अडवतात. त्यावरून छिन्नमनस्कतेत डोपामिनचे कार्य काही भागांत वाढते, ही उपपत्ती मांडली गेली. भ्रम व भास यांना ती बऱ्याच अंशी लागू पडते. निरुत्साह व विचारशक्तीतील उणिवा यांचा उलगडा तिने पुरेसा होत नाही. आनुवंशिकता व परिस्थिती यांचाही वाटा असतो. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन कॅनडास्थित जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने उभी राहिली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाचा विषय हाच आजार आहे. नैराश्यातील डोपामिनच्या भूमिकेबाबत एकमत नाही.

व्यसनाधीनता : कोकेन डोपामिनचे पेशीत परत शोषले जाणे रोखते, निकोटिन डोपामिन स्रवणाऱ्या पेशींना थेट चेतवते, अफूजन्य द्रव्ये त्यांच्यावरील अंकुश ढिला करतात, मद्याचा परिणाम बराचसा अप्रत्यक्ष असतो. सुपारीतील ॲरेकोलीनही निकोटिनच्या काही ग्राहींवर परिणाम करते. सततच्या सेवनाने डी-२ ग्राही घटतात आणि नित्याच्या गोष्टींतील रस ओसरतो. सेवनाची जागा, सोबती वा वेळ एवढ्यानेही तल्लफ उसळते. व्यसन सुटल्यावर ते पुन्हा जडण्याचे हे एक कारण आहे. पुण्यातील मुक्तांगण (१९८६) हे केंद्र गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनाच्या पार्श्वभूमीवर डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केले. तेथील उपचारांत समुपदेशन, गटसभा व कुटुंबाचा सहभाग यांना महत्त्व आहे.

इतर कार्ये : दुग्धस्राव घडवणाऱ्या प्रोलॅक्टिनचे नियमन, अतिदक्षता विभागात रक्तदाब वाढवण्यासाठी शिरेतून वापर.