डॅलस डू डिस्टिलरी

डॅलस डू ही स्कॉटलंडच्या मोरे परगण्यातील फॉरेस गावाच्या दक्षिणेस असलेली माल्ट व्हिस्कीची आसवनी आहे. येथील व्हिस्कीचे उत्पादन 1983 मध्ये थांबले. त्यानंतर यंत्रसामग्रीसह जतन केली गेल्यामुळे ती व्हिक्टोरियन काळातील आसवनीचा महत्त्वाचा नमुना मानली जाते. नावातील ‘डू’ या गेलिक शब्दाचा अर्थ ‘काळा’ असा आहे.

इतिहास

अलेक्झांडर एडवर्ड या उद्योजकाने 1898 मध्ये हा प्रकल्प हाती घेतला. आराखडा एल्गिन येथील वास्तुविशारद चार्ल्स डॉइग यांचा होता. ग्लासगोच्या राइट अँड ग्रेग या व्यापारी संस्थेने आसवनी विकत घेतली. या संस्थेच्या ‘रॉडरिक डू’ या मिश्र व्हिस्कीसाठी येथील माल्ट वापरला जाई. 1898 च्या अखेरीस पॅटिसन या बड्या व्यापारी संस्थेचे दिवाळे वाजून व्हिस्की व्यवसायातील तेजी ओसरली. अशा प्रतिकूल काळातच 1899 मध्ये येथे उत्पादन सुरू झाले.

1929 मध्ये आसवनी डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड (डीसीएल) या समूहाकडे गेली. 1939 मध्ये आगीत ऊर्ध्वपातनगृहाची हानी झाली. मध्यंतरी महायुद्ध आल्याने उत्पादन पूर्ववत होण्यास 1947 साल उजाडले.

रचना

सातू भिजवून अंकुरित करण्याची माल्टशाळा, तो वाळवण्याची पॅगोडासारख्या छपराची भट्टी, आंबवण्याची लाकडी पिंपे, तांब्याची दोन ऊर्ध्वपातन-पात्रे आणि कोठारे ही येथील मुख्य अंगे होत. पात्रांची संख्या अखेरपर्यंत दोनच राहिली. जागेवर माल्ट तयार करणे 1968 मध्ये थांबले.

उत्पादनबंदी

1970 च्या दशकात मागणीपेक्षा अधिक व्हिस्की तयार होऊन कोठारांत साठा तुंबला. परिणामी डीसीएलने 1983 मध्ये अनेक आसवन्या एकदम बंद केल्या. डॅलस डू, पोर्ट एलन, ब्रोरा आणि फॉरेसमधीलच बेनरोमॅक यांचा त्यांत समावेश होता. पुढे बेनरोमॅक 1998 मध्ये, तर ब्रोरा 2021 मध्ये पुन्हा सुरू झाली.

वारसास्थळ

बंद पडलेल्या इतर काही आसवन्यांची यंत्रे काढली गेली, काही पाडल्या गेल्या. डॅलस डू मात्र शासकीय वारसा विभागाकडे सोपवण्यात आली व 1988 मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. वास्तू टिकली, तरी 1983 पूर्वी भरलेल्या पिंपांतील व्हिस्कीचा साठा मर्यादित आहे. त्यामुळे तिच्या बाटल्या संग्राहकांत दुर्मीळ समजल्या जातात.