डिस्क आहे, पण दिसत नाही

शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांतल्या शाळांत संगणक आले ते निरनिराळ्या वाटांनी. काही सरकारी योजनांतून आले, काही गावकऱ्यांच्या वर्गणीतून, तर काही मुंबई-ठाण्याच्या कार्यालयांनी नवी यंत्रे घेतल्यावर जुनी देऊन टाकली म्हणून. शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा २०१० नंतरच्या दशकात ‘डिजिटल शाळा’ म्हणून राज्यभर गाजली. पण संगणक शाळेत येणे वेगळे आणि तो वर्षानुवर्षे चालू राहणे वेगळे. जुन्या यंत्रावर कार्यप्रणाली नव्याने बसवायला घ्यावी आणि मध्येच पडद्यावर ‘हार्ड डिस्क सापडत नाही’ अशी सूचना यावी, हा अनुभव पुष्कळ शिक्षकांच्या ओळखीचा आहे. मग ‘डिस्क गेली’ असे निदान होते आणि यंत्रावर कापड पडते ते कायमचे.

डिस्क खरोखरच गेलेली असू शकते. पण अनेकदा ती धडधाकट असते आणि संगणकाला फक्त दिसत नसते. असे का व्हावे? याचे उत्तर हार्ड डिस्कच्या इतिहासात आहे.

चकती आणि तिचा कारकून

हार्ड डिस्कचा पहिला व्यापारी अवतार आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणला. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सगळ्यांत मिळून जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. १९८० साली सीगेट कंपनीने सव्वापाच इंची डिस्क काढली, तिची क्षमता ५ मेगाबाइट होती. १९८३ साली आयबीएमच्या ‘एक्सटी’ या वैयक्तिक संगणकात १० मेगाबाइटची डिस्क बसून आली.

या डिस्कला स्वतःची अक्कल फारशी नव्हती. चकती फिरवणे आणि वाचक-शीर्ष पुढेमागे सरकवणे, एवढेच तिचे काम. माहिती कुठे लिहायची आणि कुठून वाचायची हे ठरवणारे मंडल एका वेगळ्या कार्डावर असे. त्याला कंट्रोलर म्हणतात. डिस्क म्हणजे गोदाम आणि कंट्रोलर म्हणजे गोदामाचा कारकून, असे समजायला हरकत नाही. कार्ड आणि डिस्क दोन केबलींनी जोडलेली असत. एका कार्डावर लिहिलेली डिस्क दुसऱ्या जातीच्या कार्डाला जोडली, तर तिच्यावरचे काही वाचता येईलच याची खात्री नसे.

१९८४ च्या ‘एटी’ संगणकात एक सोय झाली. कोणत्या प्रकारची डिस्क जोडली आहे, त्याचा क्रमांक एका छोट्या स्मृतीत नोंदवून ठेवता येऊ लागला. ही स्मृती बॅटरीवर जगते. बॅटरी संपली की संगणक तारीख विसरतो आणि डिस्कची नोंदही विसरतो. डिस्क जागेवरच असते, पण हजेरीपटातून तिचे नाव गेलेले असते.

१९८६ च्या सुमारास कंट्रोलर कार्डावरून उचलून थेट डिस्कच्या पाठीवरच बसवण्यात आला. ही ‘आयडीई’ पद्धत. कारकून गोदामातच राहायला आला, त्यामुळे दोघांचे न जुळण्याचा प्रश्न मिटला. एका केबलीवर दोन डिस्क जोडता येत. त्यांतली थोरली कोणती आणि धाकटी कोणती, हे इवल्याशा जंपरने ठरवावे लागे. दोघींचे जंपर सारखेच लागले, तर बहुधा एकही नीट दिसत नसे.

पत्त्याच्या रकान्यांचे गणित

डिस्कचे आकारमान वाढू लागले तसा एक वेगळाच पेच उभा राहिला. डिस्कवरच्या प्रत्येक तुकड्याला पत्ता असतो. त्याचे तीन भाग: सिलिंडर, हेड आणि सेक्टर. आपल्याकडे गाव, पाडा आणि घर क्रमांक असतो तसेच. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात.

हा पत्ता दोन ठिकाणी लिहावा लागे. संगणक सुरू होताना जागी होणारी पायाभूत आज्ञावली, म्हणजे बायोस, सिलिंडरसाठी १०२४, हेडसाठी २५६ आणि सेक्टरसाठी ६३ पर्यंतचे आकडे लिहू शके. आयडीई डिस्कच्या अर्जातले रकाने निराळे होते. तिथे ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड आणि २५५ सेक्टर लिहिता येत. नुसत्या बायोसच्या हिशेबाने सुमारे ८४५ कोटी बाइटची डिस्क चालायला हवी होती. नुसत्या डिस्कच्या हिशेबाने सुमारे १३,६९० कोटींची.

पण पत्ता दोन्ही अर्जांत मावला पाहिजे. म्हणून प्रत्येक रकान्यातला लहान आकडा घ्यावा लागतो: १०२४ × १६ × ६३ × ५१२ = ५२,८४,८२,३०४ बाइट. सातवी-आठवीच्या मुलांकडून हा गुणाकार जरूर करून घ्यावा. दोन उदार पद्धती एकत्र आल्या आणि त्यांतून कंजूष मर्यादा निर्माण झाली. नव्वदच्या दशकात ज्यांनी जुन्या संगणकाला एक गिगाबाइटची डिस्क जोडली, त्यांना तिचा साधारण निम्माच भाग दिसे तो याच कारणाने. डिस्कमध्ये दोष नव्हता, रकाने अपुरे होते.

पुढे बायोसमध्ये पत्त्यांचे भाषांतर होऊ लागले आणि नंतर तीन भागांचा पत्ता सोडून सेक्टरना सरळ अनुक्रमांक देण्यात आले. तरी हा अनुक्रमांकही किती अंकी, हा प्रश्न राहतोच. २८ द्विमान अंकांचा क्रमांक १३७ गिगाबाइटपाशी संपला. ३२ अंकांची विभागणी-सारणी २.२ टेराबाइटपाशी अडली. दर वेळी ‘आता पुरेल’ असे वाटले आणि दर वेळी ते पुरले नाही.

किल्ली कपाटात, कपाटाला कुलूप

दुसरा पेच कंट्रोलरशी बोलण्याचा. कार्यप्रणालीला प्रत्येक जातीच्या कंट्रोलरची भाषा यावी लागते. ही भाषा जाणणाऱ्या छोट्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्सची पहिली घोषणा केली, तेव्हा एटी संगणकाच्या डिस्कखेरीज दुसरे काही ही प्रणाली बहुधा कधीच चालवणार नाही, असे त्याने सांगून टाकले होते. कारण त्याच्याकडे तेवढीच डिस्क होती!

विंडोज एक्सपी २००१ साली आली. केबलीच्या रुंद पट्ट्या घालवणारी ‘साटा’ जोडणी २००३ मध्ये आणि तिच्यासाठीची ‘एएचसीआय’ ही नवी संवादपद्धती २००४ मध्ये आली. म्हणजे एक्सपीच्या मूळ सीडीवर या पद्धतीचा ड्रायव्हर असणे शक्यच नव्हते. तो वेगळा मिळे, पण प्रणाली बसवताना एफ-६ ही कळ दाबून फ्लॉपीवरून द्यावा लागे, आणि नव्या संगणकांतून फ्लॉपी तर हद्दपार होत चालली होती. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि प्रणाली सुरू होताना तो ड्रायव्हर डिस्कवरूनच यायचा. किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावावे, तसा हा प्रकार. यावर तोडगा म्हणून अनेक यंत्रांच्या बायोसमध्ये डिस्कला जुन्या आयडीईचे सोंग घ्यायला लावण्याची सोय ठेवलेली असे.

तीच गोष्ट पुढेही घडत राहिली. २०११ साली ‘एनव्हीएमई’ ही फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कची भाषा ठरली. २००९ ची विंडोज ७ तिच्याआधीची असल्याने तिला ती मुळात येत नव्हती. इंटेलच्या गेल्या काही वर्षांतल्या अनेक यंत्रांत ‘व्हीएमडी’ नावाचा मध्यस्थ चालू असतो, आणि नवी विंडोज बसवतानाही डिस्कांची यादी कोरी दिसू शकते. प्रणाली आणि यंत्र यांची वये जुळत नाहीत, हे या साऱ्यामागचे समान सूत्र.

निदानाची पद्धत

यातून शिक्षकाला उपयोगी पडेल असा एक क्रम निघतो. पहिला प्रश्न: बायोसच्या पडद्यावर डिस्कचे नाव दिसते का? दिसत नसेल तर वीज, केबल, जंपर आणि शेवटी डिस्क तपासावी. तारीखही चुकलेली असेल, तर नाण्याएवढी बॅटरी आधी बदलावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद पडून राहिलेले यंत्र जूनमध्ये डिस्क ‘विसरते’, त्याचे कारण कित्येकदा एवढेच असते: बॅटरी संपली, बायोसमधली निवड मूळपदावर गेली आणि प्रणालीला अनोळखी भाषा कानी पडली.

दुसरा प्रश्न: बायोसला दिसते, पण प्रणाली बसवताना दिसत नाही का? मग ड्रायव्हर किंवा संवादपद्धतीची निवड यांत घोळ आहे. अशा वेळी पेनड्राइव्हवरून थेट चालणारे लिनक्स सुरू करून पाहावे. त्याच्या गाभ्यात पुष्कळ कंट्रोलरचे ड्रायव्हर असतात. तिथे डिस्क उघडली आणि वाचता आली, तर ती जिवंत आहे. तिसरा प्रश्न: प्रणाली बसते, पण सुरू होत नाही का? मग विभागणी-सारणी आणि बायोसची सुरू करण्याची पद्धत एकमेकींना जुळतात का ते पाहावे.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. बायोसमधली कोणतीही निवड बदलण्याआधी मूळची वहीत लिहून ठेवावी, कारण चालू प्रणाली त्या बदलाने बंद पडू शकते. आणि मुलांचे निकाल किंवा शाळेची नोंद डिस्कवर असेल, तर लिनक्समधून आधी ती बाहेर काढावी, मगच नवी प्रणाली बसवावी.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. त्यामुळे शाळाशाळांतल्या जुन्या यंत्रांवर पुन्हा नव्या प्रणाली बसवण्याची वेळ आली आहे, आणि ‘डिस्क सापडत नाही’ ही सूचनाही पुन्हा दिसणार आहे. तालुक्याच्या गावी नेलेले यंत्र एका वाक्यात निकालात निघू नये. ‘बायोसला दिसते का?’ हा एक प्रश्न विचारायला दुरुस्तीचे दुकान लागत नाही. तो शाळेतच, आठवी-नववीच्या मुलांसमोर विचारावा आणि उत्तर त्यांनाच शोधू द्यावे. भंगारात जाणारे एक यंत्र वाचेल, आणि दोष कुठे आहे हे टप्प्याटप्प्याने कसे शोधायचे, ते मुले त्यातून शिकतील.