मुठीत मावणारा फोन

१९५७ साली जपानमधील सोनी कंपनीने ट्रान्झिस्टरवर चालणारा एक छोटा रेडिओ बाजारात आणला. तो सदऱ्याच्या खिशात मावतो, असे कंपनीला सांगायचे होते. परंतु प्रत्यक्षात तो नेहमीच्या खिशाहून किंचित मोठा निघाला. तेव्हा कंपनीने आपल्या विक्रेत्यांसाठी जरा मोठ्या खिशांचे सदरे शिवून घेतले. ही हकीकत कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मोठ्या खुशीने सांगितली आहे. यंत्र खिशात मावत नसेल तर खिसा वाढवावा, ही युक्ती ऐकून आपल्याला हसू येते. पण माणसाच्या अंगाचे माप आणि यंत्राचे माप यांच्यात जी ओढाताण नेहमी चालू असते, तिचे मर्म या युक्तीत आहे. त्याच ओढाताणीतील एक अलीकडचे प्रकरण आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. लहान स्मार्टफोन अनेकांना मनापासून प्रिय होता. तरी तो बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला. असे का झाले?

या प्रकरणाचा पूर्वभाग सर्वस्वी लहान होत जाण्याचा आहे. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून मार्टिन कूपर यांनी हातातल्या फोनवरून पहिले संभाषण केले, तेव्हा त्या यंत्राचे वजन एक किलोहून अधिक होते. दहा वर्षांनी, १९८३ साली, मोटोरोलाचा जो फोन विक्रीस आला, तो सुमारे आठशे ग्रॅमचा होता. आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांच्याशी मोबाइलवरून बोलून या सेवेचा आरंभ केला. पुढे १९९९ साली नोकियाचा ८२१० हा फोन आला, त्याचे वजन अवघे ७९ ग्रॅम. पंचवीस-सव्वीस वर्षांत यंत्र तेराव्या-चौदाव्या हिश्श्यावर आले. त्या काळी लहान म्हणजे सुधारलेले, असा हिशेब लोकांच्या मनात पक्का बसला होता आणि तो चुकीचाही नव्हता.

९ जानेवारी २००७ रोजी ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे आयफोन लोकांपुढे ठेवला आणि हा हिशेब बदलू लागला. फोनच्या अंगावरील बटणे जवळजवळ सगळी गेली; त्यांच्या जागी साडेतीन इंचांचा काचेचा पडदा आला. तरीही हे यंत्र हाताच्या मापाचेच होते. वजन १३५ ग्रॅम, रुंदी सुमारे एकसष्ट मिलिमीटर. ते तळहातात धरले की अंगठा पडद्याच्या चारही कोपऱ्यांपर्यंत सहज पोहोचत असे. लहान फोनच्या गोडीचे रहस्य या साध्या गोष्टीत आहे. एका हाताने फोन चालतो आणि दुसरा हात मोकळा राहतो. त्या दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असेल, मुलाचे बोट असेल, किंवा गर्दीच्या लोकलमधली वरची कडी असेल. जुलै २०१० मध्ये जॉब्ज पत्रकारांना म्हणाले होते की, हाताच्या पकडीत न येणारे मोठे फोन कोणी घेणार नाही. २०१२ साली आयफोनचा पडदा चार इंचांचा झाला, तेव्हाही कंपनीने फोनची उंची वाढवली, पण रुंदी वाढू दिली नाही. आणि अंगठा सगळीकडे पोहोचतो, हीच गोष्ट जाहिरातीत दाखवली.

परंतु त्याआधीच वारे फिरले होते. २०११ साली बर्लिनच्या प्रदर्शनात सॅमसंगने गॅलेक्सी नोट नावाचा ५.३ इंचांचा फोन मांडला. मूळ आयफोनच्या दुपटीहून अधिक क्षेत्रफळाचा तो पडदा पाहून जाणत्यांनी थट्टा केली. एवढी पाटी कानाला लावून कोण बोलणार, असा त्यांचा प्रश्न होता. कानाला लावून बोलणे हे फोनचे मुख्य काम उरले नव्हते, ही गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. गिऱ्हाइकांच्या ती आली होती. नोट भरभरून खपला. सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलनेही ४.७ आणि ५.५ इंचांचे दोन फोन काढून आपला जुना आग्रह सोडला.

या वाढीला यंत्राच्या पोटातलीही कारणे होती. चौथ्या पिढीच्या जाळ्यावर चालणारे आरंभीचे फोन वीज फार खात. बॅटरीची धारणा तिच्या आकारावर ठरते आणि फोनचे कवच थोडे लांब-रुंद केले की आत बॅटरीला जागा बरीच मिळते. पुढे एकाचे दोन आणि दोनाचे तीन कॅमेरे झाले, त्यांनाही जागा हवी होती. लहान फोन करणे हे म्हणूनच सोपे काम नव्हते. तेवढीच शक्ती कमी जागेत बसवायची, तर खर्च फारसा घटत नाही. गिऱ्हाईक मात्र लहान वस्तूला लहान किंमत देऊ पाहते. परिणाम असा झाला की बहुतेक लहान फोन स्वस्त आणि दुबळे निघू लागले.

ही कोंडी फोडण्याचे काही प्रामाणिक प्रयत्न झाले. सोनीने २०१४ साली ४.३ इंचांचा झेड-१ कॉम्पॅक्ट आणला. मोठ्या भावाची सारी शक्ती धाकट्यात उतरवलेला असा तो फोन होता. मार्च २०१६ मध्ये ॲपलने आयफोन एसई काढला. पडदा जुनाच, चार इंचांचा. पण आतले यंत्र तेव्हाच्या मोठ्या फोनमधले. आदल्या वर्षी आपण चार इंचांचे तीन कोटी फोन विकले, असे कंपनीने त्या वेळी सांगितले. आपल्या देशात जुळणी झालेला पहिला आयफोन हाच होय. २०१७ साली बेंगळुरूत ते काम सुरू झाले. पण सप्टेंबर २०१८ मध्ये हा फोन बंद झाला आणि सोनीचा कॉम्पॅक्ट फोनही त्याच वर्षी शेवटचा निघाला.

शेवटची कसोटी २०२० च्या ऑक्टोबरात लागली. आयफोन १२ मिनी आला. त्याचे वजन २००७ च्या मूळ फोनइतकेच होते आणि पडदा कडेपर्यंत नेल्यामुळे लहान अंगातही तो ५.४ इंचांचा बसला होता. लहान फोनच्या चाहत्यांनी जे मागितले, ते बहुतेक त्यात होते. पण अमेरिकेतील पाहण्यांत त्याचा वाटा नव्या आयफोनांच्या विक्रीत जेमतेम पाच-सहा टक्के भरला. २०२१ चा १३ मिनी हा शेवटचा ठरला. २०२२ मध्ये त्याच्या जागी उलट मोठ्या पडद्याचा भाऊ आला. एसूसने झेनफोनच्या रूपाने तीन वर्षे ही परंपरा चालवली. २०२४ साली तोही पावणेसात इंचांवर गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने एसई हे नावही मिटवले. दरम्यान २०२२ साली एरिक मिगिकोव्हस्की या उद्योजकाने लहान अँड्रॉइड फोनसाठी सह्यांची मोहीम काढली होती आणि हजारोंनी तिच्यावर सह्या केल्या होत्या. लहान फोनवर लोकांचे प्रेम होते, पण त्यामागे खरेदी फार थोड्यांची होती.

हे लोक लबाड होते असे नव्हे. लहान फोनची आवड बहुधा अशा माणसाला असते, ज्याच्या टेबलावर संगणक आहे आणि दिवाणखान्यात दूरदर्शन संच आहे. त्याच्या दृष्टीने फोन हे दोन कामांच्या मधल्या वेळेचे साधन. ज्याच्या घरात फोन हाच एकमेव पडदा आहे, त्याला हे सुख परवडत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि आपल्याकडे इंटरनेट अतिशय स्वस्त झाले. तेव्हापासून लक्षावधी घरांत चित्रपट, बातम्या, बँक आणि सरकारी अर्ज हे सारे एका काचेवर येऊन बसले. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा फळाही त्याच काचेवर आला. एका फोनभोवती दोन भावंडे दाटीने बसलेली ज्याने पाहिली, त्याने मोठ्या पडद्याला चैन म्हणू नये.

तरीही या विजयाची किंमत कोणी दिली, हेही मोजले पाहिजे. मोठा फोन सर्वांच्या हातांना सारखा मोठा नसतो. ज्यांचा पंजा लहान, त्यांना तो अधिक जड पडतो, आणि त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. त्यांच्या पोशाखाला पुष्कळदा खिसाही नसतो. संधिवाताने आखडलेल्या बोटांना, एकाच हाताने सारा व्यवहार करावा लागणाऱ्या माणसाला, पर्याय उरलेला नाही. बाजार बहुसंख्यांची गरज बरोबर ओळखतो. पण सगळ्या कंपन्या एकाच मापाकडे वळल्या की उरलेल्यांची गरज कोणाच्याच वहीत नोंदली जात नाही. २०२० नंतर मिटून अर्धे होणारे फोन आले आहेत. फोन खिशात मावावा ही इच्छा मेलेली नाही, याची ती साक्ष म्हणावी. परंतु ते महाग असतात आणि उघडले की पुन्हा दोन हात मागतात.

मोरितांनी मोठ्या खिशांचे सदरे शिवले, ते आपल्या मोजक्या विक्रेत्यांसाठी. गिऱ्हाइकाने आपला सदरा बदलावा, असे त्यांनी म्हटले नव्हते. आज खिसे आपणच वाढवले आहेत, पिशव्या आपणच खांद्यांना अडकवल्या आहेत आणि अंगठ्याला लांब व्हायला आपणच शिकवतो आहोत. त्यात पुष्कळ लाभ झाला, हे मान्य करूनही कडी धरायला जो एक हात मोकळा राहत असे, त्याची आठवण ठेवावी. उद्याचे एखादे यंत्र घडवताना तिचा उपयोग होईल.