मामाचा सुलतान आणि मुधोळचे सडपातळ शिकारी

इतिहासाच्या आपल्या कोपऱ्यात आज एक नवाब, एक मराठा राजे आणि अमेरिकेचे पहिले अध्यक्ष भेटणार आहेत. बोलायचं आहे ते त्यांच्या कुत्र्यांबद्दल.

निमित्त घरचंच. माझ्या लेकीने शेल्टरमध्ये एक कुत्रा पसंत केलाय. कागदावर लिहिलंय, मॅस्टिफ आणि हाऊंडचा संकर, वजन ९५ पौंड, म्हणजे ४३ किलो. रुंद छाती, जाड मान आणि नजर अगदी गरीब. ती त्याच्या प्रेमात पडली, आणि मी पोचलो तीस-पस्तीस वर्षं मागे, उदगीरजवळच्या आजोळी.

मामाकडे एक कारवानी कुत्री होती. लांब तोंड, पोट पाठीला लागलेलं, बरगड्या मोजता याव्यात अशी. पाहुणे विचारायचे, "हिला खायला घालता की नाही?" सशामागे सुटली की मात्र नुसती धुळीची रेघ दिसायची. पण भुईमुगात शिरणाऱ्या रानडुकरांपुढे तिचं काही चालेना. म्हणून मामाने तिला हैदराबादकडच्या कुणाचा तरी ग्रेट डेन लावून घेतला. त्यातलं एक पिल्लू म्हणजे सुलतान. दोन वर्षांत वासराएवढा झाला. त्याच्या नुसत्या आवाजाने डुकरं शेत सोडायची. अख्ख्या गावात मामाची कॉलर ताठ.

मग एका मे महिन्यात, भर दुपारी, ओढ्यातून डुक्कर उठलं आणि मायलेक दोघं त्याच्यामागे धावले. आई परत आली, लिंबाखाली धापा टाकत बसली. सुलतान बांधावरच कोसळला. जीभ जांभळी पडली होती. आम्ही पोरांनी विहिरीचं पाणी आणून आणून ओतलं. दिवेलागणीला गेला. मामा एवढंच म्हणाला, "कुत्रं वाईट नव्हतं, ऊन वाईट होतं."

शिकारी कुत्र्याची मुळात दोन कामं: गाठणं आणि धरणं. गाठायला हलकं अंग, लांब पाय, खोल छाती लागते. धरायला जबडा, मान आणि वजन. दोन्ही एकाच कुत्र्यात कोंबायचा मोह फार जुना आहे. आमच्या आयटीतले क्लायंटही हेच मागतात: सगळी फीचर्स द्या, पण स्पीड कमी होता कामा नये.

जॉर्ज वॉशिंग्टनलाही हा मोह झाला. आपण शॉपिंगला जातो त्या क्वेकर ब्रिजपाशी असनपिंक ओढा ओलांडून जानेवारी १७७७ मध्ये त्याचं सैन्य रातोरात प्रिन्स्टनवर गेलं होतं. युद्ध संपल्यावर माउंट व्हर्ननला तो कोल्ह्यांच्या शिकारीत रमला. १७८५ साली लाफायेतने त्याला फ्रान्सहून सात धिप्पाड हाऊंड पाठवले. आपल्याकडच्या हलक्या, इंग्रजी वळणाच्या कुत्र्यांशी त्याने त्यांचा संकर केला. आजच्या अमेरिकन फॉक्सहाऊंडच्या घडणीत या संकराचा वाटा मानतात. फ्रेंच कुत्र्यांचा आवाज घंटेसारखा घुमायचा, अंगात ताकद भरपूर. पण वॉशिंग्टनच्या पत्नीचा नातू कस्टिस याने लिहून ठेवलंय की जेवणाच्या वेळी ते इतके खवळत, की कुणीतरी चाबूक घेऊन उभं राहावं लागे. त्यांच्यातल्या व्हल्कन नावाच्या महाशयांनी तर पाहुण्यांसाठी शिजवलेलं हॅम स्वयंपाकघरातून उचलून पळ काढला. घरमालकीण भयंकर चिडली, घरमालक हसला.

आपल्याकडचं ठळक उदाहरण रामपूरचं. तिथले नवाब अहमद अली खान यांची कारकीर्द १७९४ ते १८४०. त्यांच्याकडे अफगाणी ताझी होते: दणकट, कडवे, पण स्वतःच्याच मर्जीचे. इंग्रजांचा ग्रेहाऊंड वेगवान आणि ऐकणारा, पण आपल्या हवेत टिकायला नाजूक. नवाबांनी दोघांची सांगड घातली आणि रामपुरी हाऊंड घडवला. कारवानीपेक्षा अंगाने भरलेला आणि कोल्ह्याला धरून ठेवेल अशा जबड्याचा. माझ्या मते हा संकर जमला, कारण नवाबांनी वजन बेताने वाढवलं. मामाने एकदम ग्रेट डेन गाठला!

आणि मग मुधोळ. आज हे गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. पण संस्थान घोरपड्यांचं, आणि १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झालं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालोजीराव घोरपड्यांनी भोवतालच्या बेरडांकडचे शिकारी कुत्रे पाहिले. परदेशी धिप्पाड रक्त आणायला त्यांना पैशांची अडचण नव्हती. त्यांनी मात्र तेच सडपातळ कुत्रे निवडून निवडून वाढवले, आणि त्यातली एक जोडी थेट पाचव्या जॉर्जला भेट दिली. आपण ज्याला कारवानी म्हणतो तोच हा. अंगावर रेशमी केस असले की पश्मी. २००५ साली टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं.

दख्खनमध्ये हा किडकिडीत गडी का टिकला? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः जिभेवाटे, धापा टाकून तो थंड होतो. उष्णता तयार होते ती स्नायूंच्या वजनाप्रमाणे, बाहेर पडते ती अंगाच्या पृष्ठभागाप्रमाणे. त्याच बांध्याचा कुत्रा लांबी, रुंदी, उंचीने दुप्पट केला तर वजन आठपट होतं आणि पृष्ठभाग फक्त चौपट. हे गणित मी कॉलेजात शिकलो, तेव्हा सुलतान आठवला होता.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या शिकाऱ्यांनी यावर साधा तोडगा काढला: कामच वाटून टाकलं. हलके 'बे डॉग' डुक्कर शोधून, भुंकून अडवतात. जड 'कॅच डॉग', बहुतेकदा बुलडॉगचा संकर, तोवर पट्ट्याला बांधलेला असतो. त्याला शेवटच्या क्षणी सोडतात. सुळ्यांपासून वाचायला अंगात जाड जॅकेट घालतात, कारण धरणारा कुत्रा माघार घेत नाही आणि फाटतो तोच. शिवाय ते जॅकेटही उकडतंच.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला. मामाचं डुकरं हाकणंही त्यात कुठे बसलं असतं, देव जाणे. उरले ते फक्त कुत्रे. कारवानी निदान राखणीला, शर्यतीला कामी येतो. ४३ किलोच्या गड्याला आता डुक्कर नाही, कोल्हा नाही. आहे तो आमच्या टाउनहाऊसचा जिना. जड कुत्र्यांचे खुब्याचे सांधे लवकर कुरकुरतात, तेव्हा जिन्याचीही काळजीच.

लेकीला हे सगळं सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं: जुलैत फिरणं सकाळी सहाला, दुपारी डांबरावर पाय नाही, मर्सर काउंटी पार्कमध्ये बॉल फेकायचा तो दहा मिनिटं. मग विचारलं, "आणि नाव?" मी म्हटलं, तूच ठरव. शनिवारी आणायचाय. मामाला व्हिडिओ कॉल लावणार आहे, तेव्हा काय म्हणतो ते पुढच्या वेळी सांगेन.